वाचकांचे प्रश्न : हे कळले कसे, तेही लिहा

सर्वसामान्य वाचकांसाठी विज्ञानाविषयी कसे लिहावे, या विषयावर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न येथे निवडले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. काही उत्तरे बरीच लांबली आहेत, कारण ज्या ठिकाणी बहुतेक लेख अडखळतात तेथे जरा थांबणे आम्हांला आवश्यक वाटले.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. लोणार सरोवरावरील माझा लेख एका दिवाळी अंकाने परत पाठवला. ‘माहिती ठीक आहे, पण पाठ्यपुस्तक वाचल्यासारखे वाटते,’ एवढाच अभिप्राय मिळाला. लेखाची प्रत सोबत जोडली आहे. त्यात नेमके काय उणे आहे? (शिक्षिका, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : आपला लेख काळजीपूर्वक वाचला. भाषा स्वच्छ आहे, वाक्ये सुटसुटीत आहेत. दोष तेथे नाही. ‘लोणारचे विवर उल्कापाताने तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून वय ५२ हजार वर्षे आहे,’ अशी आपण सुरुवात केली आहे. हे वाचून वाचकाने मान डोलवावी आणि पुढे जावे, याखेरीज त्याला काही करण्याजोगे उरत नाही. उल्का पडताना कोणी पाहिली नव्हती, त्या काळची कोणतीही नोंद नाही, मग हे इतक्या ठामपणे कशावरून सांगता, हा प्रश्न विचारी वाचकाच्या मनात उठतोच. त्याचे उत्तर लेखात कोठेच नाही. परीक्षेसाठी वाचणारा विद्यार्थी हा प्रश्न गिळतो. आपल्या आवडीने वाचणारा माणूस अंक मिटून ठेवतो.

लोणारची खरी गोष्ट या ‘कशावरून’मध्येच आहे. दख्खनचे पठार लाव्हाचे थर साचून बनलेले आहे. तेव्हा अशा खडकातला वाटोळा खळगा हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांना वाटले, यात नवल नव्हते. ते मत कशाने बदलले? विवराच्या परिसरातील खडकांत फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक आपली मूळ रचना गमावून काचेसारखे झालेले आढळले. स्फटिकाची रचना अशी मोडण्यास लागणारा दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात निर्माण होत नाही. त्याला प्रचंड वेगाने झालेला आघातच लागतो. हा पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बेसाल्ट म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकातील आघाती विवर म्हणून लोणारकडे जगाचे लक्ष गेले, कारण चंद्रावरील विवरेही बरीचशी अशाच खडकात आहेत. आपल्या लेखात यातले एक अक्षरही नाही. आपण भौतिकशास्त्र शिकवता, म्हणजे स्फटिक आणि काच यांतला फरक आपल्याइतका सोपा करून फार थोडे जण सांगू शकतील.

वयाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. ५२ हजार वर्षे हा आकडा आघाताच्या वेळी वितळून बनलेल्या काचेवरून काढला गेला. खडक तापून वितळला की त्याच्यात साठलेली किरणोत्साराची खूण पुसली जाते आणि तेथून पुढे आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत ती काच तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून किती काळ लोटला याचा हिशेब मांडता येतो. मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, वितळलेल्या खडकातील पोटॅशियमपासून तयार होणारा आरगॉन वायू मोजून, विवराचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे काढण्यात आले. दोन आकड्यांत जवळजवळ अकरा पटींचा फरक आहे. पहिल्या पद्धतीत साठलेली ऊर्जा काळाच्या ओघात झिरपून गेली तर वय खरे असेल त्याहून कमी दिसते. दुसऱ्या पद्धतीत उलटा धोका आहे, कारण आघाताने वितळलेला मूळ खडक साडेसहा कोटी वर्षे जुना; त्यातला जुना आरगॉन पुरता निसटला नाही तर वय अधिक दिसते. दुसऱ्या अभ्यासाच्या संशोधकांनी हा जुना आरगॉन हिशेबात धरूनच आपला आकडा दिला आहे.

हे सारे लिहिले तर वाचक गोंधळेल, अशी भीती आपल्याला वाटत असेल. आमचे मत वेगळे आहे. दोन घड्याळे वेगवेगळी वेळ का दाखवतात हे ज्याला समजले, त्याला वैज्ञानिक वय कसे काढतात हे समजले, आणि उद्या आणखी एखादा नवा आकडा आला तरी तो ‘शास्त्रज्ञ रोज मत बदलतात’ असे म्हणणार नाही. एकच आकडा ठामपणे सांगून आपण त्याची सोय पाहत नाही. पुढच्या बातमीच्या वेळी त्याला एकटे सोडतो.

आणखी एक गोष्ट. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्यावरचा आपला परिच्छेद लेखाच्या अगदी शेवटी आहे, आणि तोच सर्वांत उत्तम आहे. पातळी खालावून पाण्याचा खारेपणा वाढला, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या फोफावली आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसू लागले, हे आपण सांगता. आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुन्याचे पाणी स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले व वरचे पाणी नितळ झाले, हेही सांगता. रंग पाण्याचा नसून पाण्यातल्या जिवांचा आहे, हे त्या एका निरीक्षणातून वाचकाला स्वतःच उमजते. लेख येथून सुरू करा, तळ्यावरून विवराकडे आणि विवराच्या वयाकडे जा, आणि मग तो पुन्हा पाठवा.

प्रश्न : तालुक्याच्या साप्ताहिकात मी आरोग्यविषयक सदर लिहितो. करोनाच्या काळात ‘९५ टक्के परिणामकारक लस’ याचा अर्थ ‘१०० पैकी ५ जणांना आजार होणारच’ असा अनेकांनी घेतला आणि अजूनही घेतात. टक्केवारी कशी लिहावी म्हणजे असे गैरसमज होणार नाहीत? (औषधविक्रेते, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : टक्का कशाचा, हे लिहिल्याशिवाय टक्का लिहू नये. आपण घेतलेल्या उदाहरणाचे मूळ आकडे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आहेत, ते पाहू. फायझर कंपनीची ही लस आपल्याकडील मोहिमेत दिली गेली नाही, पण तिचाच आकडा सर्वाधिक गाजला. चाचणीतील एका गटाला लस आणि दुसऱ्याला मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन देण्यात आले. निष्कर्षासाठी मोजलेल्या व्यक्ती प्रत्येक गटात १८ हजारांच्या थोड्या वर होत्या. मिठाचे पाणी घेतलेल्यांपैकी १६२ जणांना आजार झाला, लस घेतलेल्यांपैकी ८ जणांना. म्हणजे लस नसती तर जेथे १६२ जण आजारी पडले असते, तेथे लसीमुळे आठच पडले. १६२ मधील हे आठ म्हणजे जवळपास ५ टक्के, आणि उरलेले ९५ टक्के आजारपण टळले. पाच टक्के हे लस घेतलेल्यांचे नव्हेत. लस घेतलेल्या १८ हजारांतले ८ म्हणजे दोन हजारांत एकाहूनही कमी.

आता याच आकड्यांची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लस न घेतलेल्यांतही आजार झालेले हजारात नऊच्या आसपासच होते, कारण पाहणीचा सरासरी काळ जेमतेम दोन महिन्यांचा होता. तो काळ वाढला असता तर दोन्ही गटांतील संख्या वाढल्या असत्या. म्हणून ‘किती जणांत’, ‘किती काळात’ आणि ‘कशाच्या तुलनेत’ हे तिन्ही एकाच वाक्यात किंवा लागोपाठच्या वाक्यांत आले पाहिजे. जागा कमी असेल तर विशेषणे कापा, पण यांतले काही कापू नका.

हे हलगर्जीपणाने लिहिले तर काय घडते, याचे एक उदाहरण ब्रिटनमधले आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तेथील औषध-सुरक्षा समितीने सावधगिरीचा इशारा दिला की नव्या पिढीतील गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आधीच्या पिढीतील गोळ्यांच्या तुलनेत रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ‘दुप्पट’ हाच शब्द उचलला. मूळ धोका होता सुमारे ७ हजार स्त्रियांमागे एक. तो झाला ७ हजारांमागे दोन. दुप्पट हा शब्द खोटा नव्हता, पण ‘सात हजारांत आणखी एक’ असे कोणी लिहिले नाही. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या अचानक बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात अधिक झाले असा अंदाज पुढे मांडला गेला. यातली सर्वांत दुःखद गोष्ट अशी की, गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणात अधिक असतो. एक वाक्य अधिक छापले असते तर यातले बरेच टळले असते, असे आम्ही पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आपले सदर औषधाच्या दुकानात येणारी माणसेच वाचत असणार. त्यांच्यासाठी ‘०.८८ टक्के’पेक्षा ‘हजारांत नऊ’ हे कितीतरी सोपे आहे. आणि शक्य असेल तेथे ती हजार माणसे ओळखीची करा : ‘आपल्या गावाएवढ्या वस्तीत’ असे म्हटले की आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

प्रश्न : मी भूभौतिकी विषयात पीएच.डी. करीत आहे. कोयनेच्या भूकंपांवर एका दैनिकाच्या पुरवणीसाठी लिहायचे आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात की सोपे करणे म्हणजे खोटे लिहिणे. संपादक म्हणतात, ‘धरणामुळे भूकंप झाला’ एवढे पुरे. दोघांच्या मध्ये मी काय करावे? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : दोघांचेही म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. प्रत्येक लेखात काही ना काही गाळावेच लागते; आपल्या मार्गदर्शकांच्या शोधनिबंधातही गाळलेले असते. गाळलेल्या गोष्टीमुळे वाचक चुकीच्या निष्कर्षावर जातो का, एवढे पाहावे.

‘धरणामुळे भूकंप झाला’ हे वाक्य या कसोटीवर तपासा. कोयना जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले, लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झाले. एवढेच सांगितले तर पाण्याच्या वजनाने जमीन फाटली, असाच अर्थ वाचक घेईल. मग तो पुढे विचारेल, आणि विचारलेच पाहिजे, की कोयनेची साठवण सुमारे १०५ टीएमसी, उजनीची ११७ टीएमसी आणि जायकवाडीची १०२ टीएमसी. तर उजनी आणि जायकवाडी येथे असे का घडले नाही? टीएमसी हा शब्द पावसाळ्यात आपल्याकडे शेतकऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो, त्यामुळे हा प्रश्न पडायला वैज्ञानिक असावे लागत नाही.

उत्तरासाठी आपल्याला दोन गोष्टी सांगाव्याच लागतील. एक, कोयना परिसरात जमिनीखाली प्रस्तरभंग, म्हणजे खडकांतील खोल भेगा, आहेत आणि त्यांवर ताण आधीपासून साठलेला होता. भूकंपात बाहेर पडलेली ऊर्जा ही त्या ताणाची, पाण्याची नव्हे. दोन, जलाशयातील पाणी फटींमधून खोलवर मुरते, तेथील पाण्याचा दाब वाढतो, भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना ज्या घर्षणाने धरून असतात ते कमी होते आणि आधीच घसरायच्या बेतात असलेला खडक घसरतो. जलाशयाची खोलीही यात महत्त्वाची आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर, उजनी आणि जायकवाडीची त्याहून पुष्कळ कमी. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते, ही गोष्ट पाटण तालुक्यातील लोकांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यांच्या अनुभवामागचे कारण सांगण्याची संधी आपल्या लेखाला आहे.

म्हणून ‘धरणामुळे भूकंप झाला’ याऐवजी ‘साठलेल्या ताणाला जलाशयाने वाट करून दिली’ असे लिहा. शब्द साधे आहेत, जागा तेवढीच लागते, आणि आपल्या मार्गदर्शकांनाही त्यात खोटे काही सापडणार नाही. ताणाची गणिती मांडणी, उपकरणांची नावे, भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे घेतलेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रातील मोजमापांचे बारकावे हे सारे गाळले तरी वाचक चुकीच्या वाटेला लागत नाही. ते खुशाल गाळा.

तीव्रतेचा आकडा देताना मात्र एक वाक्य खर्च करा : या मापनात एक अंक वाढला की जमिनीची कंपने दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. ते ठाऊक नसेल तर वाचकाला ५.३ आणि ६.३ हे शेजारी शेजारी वाटतात.

प्रश्न : कठीण कल्पना समजावण्यासाठी दृष्टान्त द्यावेत की टाळावेत? (निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : द्यावेत, पण दृष्टान्त कोठे संपतो तेही त्याच परिच्छेदात सांगावे. विजेचा प्रवाह नळातल्या पाण्यासारखा असतो, असे आपण सारे शिकलो, आणि दाब व प्रवाह समजण्यासाठी ते उपयोगीही आहे. परंतु नळ कापला तर पाणी वाहून जाते, तार कापली तर प्रवाह थांबतो. हे न सांगितल्यास उघड्या सॉकेटमधून वीज ‘गळते’ अशी समजूत होऊ शकते. एका लेखात एका कल्पनेसाठी एकच दृष्टान्त पुरतो. दुसरा आला की वाचक मूळ विषय सोडून दोन दृष्टान्तांची तुलना करू लागतो.

प्रश्न : पारिभाषिक शब्द इंग्रजी ठेवावेत की मराठी वापरावेत? (ग्रंथपाल, नांदेड)

उत्तर : रुळलेला मराठी शब्द असेल तर तो वापरावा : गुरुत्वाकर्षण, पेशी, कृष्णविवर, जनुक. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोश हाताशी ठेवावेत. परंतु लोक ज्याला मोबाइल, व्हायरस किंवा लेझर म्हणतात त्याला लेखात नवे नाव देऊन वाचकाची परीक्षा पाहू नये. अनोळखी शब्द पहिल्यांदा येईल तेथे त्याचा अर्थ वाक्याच्या ओघात सांगावा आणि मग लेखभर तोच शब्द ठेवावा. एकाच वस्तूला तीन नावे दिली की त्या तीन वस्तू आहेत असे वाटू लागते.

प्रश्न : विज्ञानाची गंभीर आवड असणारा वाचक इंग्रजीतच वाचतो. मग मराठीत लिहून ते पोहोचते कोणापर्यंत? (संगणक अभियंता, बंगळूर)

उत्तर : ज्याला इंग्रजी सहज वाचता येते त्याच्यासाठी पुष्कळ लोक लिहीत आहेत. मराठीतले वाचन करणारी आई, शेतीशाळेतून परतलेला शेतकरी, आठवीतली मुलगी आणि आपल्या शरीरातील साखरेविषयी समजून घेऊ पाहणारे आजोबा यांच्यासाठी कोण लिहिते, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. ही परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक, त्यात शास्त्रीय विषयांना मानाचे स्थान होते. ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञान मासिक १९२८ मध्ये सुरू झाले, मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली.

याच परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग उलगडा झाला की आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ती जयंत विष्णु नारळीकरांनी पाठवली होती. जगभर मान्यता मिळालेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा नावाच्या बळावर नव्हे, मराठी वाचकाच्या पसंतीवर उतरावी असे वाटले. त्यांनी पुढे आयुष्यभर मराठीत लिहिले. ज्यांना इंग्रजीचा पर्याय सर्वांत सोपा होता, त्यांनी हा श्रम घेतला, याचा विचार आपण जरूर करावा.

प्रश्न : दर वर्षी ऑगस्टमध्ये ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ असा संदेश आमच्या सोसायटीच्या गटात फिरतो. वडीलधारी मंडळी तो पाठवतात. त्यांना न दुखावता याविषयी काही लिहिता येईल का? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : अवश्य लिहा, आणि लिहिताना संदेश पाठवणाऱ्यांची चूक काढण्याऐवजी संदेशाचा प्रवास सांगा, कारण त्याच्या मुळाशी एक खरी घटना आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. इतका जवळ तो सुमारे ६० हजार वर्षांत आला नव्हता. त्या वेळच्या मूळ संदेशात असे होते की ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. ते बरोबर होते, कारण त्या रात्रीही मंगळाची आकाशातील रुंदी चंद्राच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागाएवढीच होती. संदेश पुढे जाताना दुर्बीण गळली, मग वर्ष गळले, आणि ‘मंगळ चंद्राएवढा’ तेवढे उरले.

हे असे सांगितले की कोणाचाही अपमान होत नाही, उलट एका खऱ्या घटनेचे साक्षीदार असल्याचे समाधान ज्येष्ठांना मिळते. शेवटी एक खूणही द्या. मंगळ पृथ्वीच्या जवळ साधारण दर २६ महिन्यांनी येतो, म्हणून दर ऑगस्टमध्ये तसे घडणे शक्यच नाही. हे एकदा लक्षात राहिले की पुढच्या वर्षीचा संदेश ते स्वतःच थांबवतील.

प्रश्न : लेख तज्ज्ञाला दाखवावा का? दाखवला तर त्यांनी सुचवलेला प्रत्येक बदल मान्य करावा लागतो का? (मुक्त पत्रकार, पणजी)

उत्तर : दाखवावा, पण ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. ‘अधोरेखित केलेल्या वाक्यांत काही चूक आहे का?’ असे विचारावे. तज्ज्ञाने आकडा, कारण किंवा क्रम दुरुस्त केला तर ती दुरुस्ती मुकाट्याने स्वीकारावी. शैली मात्र आपली जबाबदारी आहे. त्यांनी साध्या वाक्याच्या जागी जड वाक्य सुचवले, तर साध्या वाक्यात नेमके काय चुकते ते विचारावे आणि ते सुधारून वाक्य साधेच ठेवावे.

त्याच्याही आधी, संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकावर न थांबता मूळ शोधनिबंधाचा निदान सारांश आणि पद्धतीचा भाग वाचावा. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, माणसे वीस होती की वीस हजार, हे तेथे लिहिलेले असते. उंदरांवरचा प्रयोग असेल तर ‘उंदीर’ हा शब्द शीर्षकात यावा, असा आमच्या अंकाचा नियम आहे. कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक ते शीर्षक कोणत्या अवस्थेत वाचतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलांसाठीच्या मासिकात शून्य सावलीच्या दिवसावर, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते त्या दिवसावर, लिहायचे आहे. मुलांसाठी लिहिताना वेगळे काय करावे? (शिक्षक, जुन्नर तालुका)

उत्तर : मुलांना करून पाहता येईल असे लिहा आणि उत्तर थोडे उशिरा सांगा. हा विषय त्यासाठी फार चांगला आहे. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे मुलांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. लेखाच्या आरंभी त्यांना ते तपासायला सांगा. अंगणात सरळ काठी उभी करायची; ती खरोखर उभी आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहायचे, नाहीतर सारा प्रयोग वाया जातो. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडत नाही, हे ती स्वतःच पाहतील. पुणे परिसरात १३-१४ मेच्या सुमारास सावली नाहीशी होते, ती दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास.

त्यानंतर कारण द्या. आपल्या घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे. पुणे त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे तेथे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. नागपूर पुष्कळ पूर्वेला आहे, म्हणून तेथे २६ मेच्या सुमारास सावली नाहीशी होते तेव्हा घड्याळात जेमतेम १२ वाजून १० मिनिटे झालेली असतात. तारखेतला फरक कशामुळे आणि वेळेतला कशामुळे, हे दोन प्रश्न वेगळे करून मुलांनाच विचारा. तारीख अक्षांशावर ठरते, वेळ रेखांशावर, हे नकाशा पुढे ठेवला की सातवीतली मुलेही ओळखतात.

लेखात एक व्यावहारिक सूचना हवीच. आपल्याकडे सावली वर्षातून दोनदा नाहीशी होते, मेमध्ये आणि जुलैच्या अखेरीस; पण जुन्नरसारख्या भागात जुलैमध्ये ढग सूर्य दिसू देतील याचा भरवसा नसतो, आणि मेमध्ये शाळेला सुट्टी असते. तेव्हा लेख एप्रिलच्या अंकातच यावा, असा आग्रह संपादकांकडे धरा, आणि मामाच्या गावी गेलेल्या मुलांना तेथील तारीख व वेळ टिपून आणायला सांगा. जून महिन्यात शाळा उघडल्यावर वेगवेगळ्या गावांच्या नोंदी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या, की त्यांच्यावरून कोणते गाव किती पूर्वेला आणि किती उत्तरेला आहे हे वर्गालाच काढता येईल. त्या नोंदी आम्हांलाही पाठवा. चांगल्या असतील तर ऑगस्टच्या अंकात मुलांच्या नावांसह छापू.